हाताची भाषा

ज्ञानेंद्रियें पांच आहेत, हें आपण लहानपणापासून पाठ म्हणत आलों आहों. डोळा, कान, नाक, जीभ आणि त्वचा हीं नांवें एका दमांत घेतलीं जातात, आणि त्यामुळें तीं पांचही सारख्याच पल्ल्याचीं असावींत असा आपला समज होतो. परंतु थोडा विचार केला असतां त्यांच्यांतील एक मोठा भेद ध्यानांत येईल. चव कळावयाची तर पदार्थ जिभेवरच यावा लागतो. स्पर्श कळावयाचा तर वस्तु अंगाला लागावी लागते. नाकाची धांव याहून थोडी अधिक, पण तीही वाऱ्याच्या मर्जीवर. दूरचें वर्तमान बसल्या जागीं आणून देणारे दूत दोनच : डोळा आणि कान. आई स्वयंपाकघरांत आहे हें भांड्यांच्या आवाजावरून कळतें. वडील घरीं आले हें दाराशीं काढलेल्या वहाणांवरून कळतें. पाऊस येणार हें आभाळाकडे पाहून कळतें. पुढें काय होणार याची खबर हे दोन दूत आधीं देतात, म्हणून आपण निर्धास्त असतों.

ह्या दोघांपैकीं एक नसला तर दुसरा त्याचें काम पुष्कळसें अंगावर घेतो. आंधळें मूल आईचा आवाज ऐकून बोलावयास शिकतें. बहिरें मूल आईचा चेहरा वाचतें, हातवारे पाहतें आणि खुणांची भाषा शिकतें. म्हणूनच अंधांच्या शाळेंतील शिक्षण कानावर उभारलेलें असतें आणि बहिऱ्यांच्या शाळेंतील डोळ्यांवर. परंतु ज्या मुलाचे दोन्ही दूत दुर्बळ आहेत, किंवा मुळींच नाहींत, त्यानें कोणत्या शाळेंत जावें? पहिल्या शाळेंत त्यास ऐकूं येत नाहीं आणि दुसऱ्या शाळेंत त्यास दिसत नाहीं. अशा मुलांस अंधबधिर असें म्हणतात. त्यांच्याविषयीं, त्यांच्या घरच्या माणसांविषयीं व त्यांच्या शिक्षकांविषयीं चार शब्द सांगावे, हा ह्या लेखाचा हेतु आहे.

आरंभींच एक गैरसमज दूर केला पाहिजे. अंधबधिर म्हणजे पूर्ण काळोख आणि पूर्ण शांतता असें प्रत्येक वेळीं नसतें. ह्यांपैकीं बहुतेक मुलांस थोडेंफार दिसत असतें किंवा थोडेंफार ऐकूं येत असतें. कोणास उजेड आणि सावली एवढाच भेद समजतो. कोणास ठळक रंगाची वस्तु अगदीं जवळ धरली तर दिसते. कोणास ढोलकीचा आवाज कळतो पण बोलणें कळत नाहीं. हें उरलेलें भांडवल लहान असलें तरी मोलाचें आहे. चष्मा, श्रवणयंत्र, खिडकीकडे पाठ करून बसविणें, पांढऱ्या भाताला गडद रंगाचें ताट देणें, अशा साध्या उपायांनीं तें वाढत नसलें तरी कामास येतें. परंतु दोन्ही इंद्रियांचें दौर्बल्य एकत्र आलें म्हणजे एकाची उणीव दुसऱ्यानें भरून काढण्याचा मार्गच बंद होतो. ही अडचण केवळ दोन अडचणींची बेरीज नव्हे. ती एक निराळीच अडचण होय.

वाचकहो, अशा मुलाचा एक दिवस मनापुढें आणा. तें अंथरुणावर निजलें आहे. एकाएकीं दोन हात येतात आणि त्यास उचलतात. हात कोणाचे, उचललें कशासाठीं, नेत आहेत कोठें, यांपैकीं एकाही प्रश्नाचें उत्तर त्याच्यापाशीं नसतें. क्षणांत अंगावर पाणी पडतें. थोड्या वेळानें तोंडांत कांहीं तरी घातलें जातें. तें गोड कीं तिखट, कढत कीं निवलेलें, हें जिभेला लागल्यावरच समजतें. मग ते हात नाहींसे होतात. ते परत येणार आहेत कीं नाहींत हेंही त्यास ठाऊक नसतें. असें मूल हात लागतांच दचकतें, ओरबाडतें, चावतें. किंवा उलट सगळ्या जगाकडे पाठ फिरवून आपल्याच अंगाशीं खेळत बसतें, डुलत राहतें, बोटांनीं डोळे दाबतें. पाहणारे म्हणतात, ‘पोर हट्टी आहे’, नाहीं तर म्हणतात, ‘पोर खुळें आहे.’ खरी गोष्ट अशी असते कीं, त्या पोरास कोणीं कांहीं सांगितलेलेंच नसतें.

अशा मुलास सांगतां येतें, आणि त्याचें बोलणें समजूनही घेतां येतें, हें अमेरिकेंत प्रथम ठळकपणें दिसून आलें तें लॉरा ब्रिजमन या मुलीमुळें. लॉराचा जन्म १८२९ सालीं न्यू हॅम्पशायर प्रांतांतील एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. ती दोन वर्षांची असतां घरांत स्कार्लेट ज्वर शिरला. तिचीं भावंडें त्यांत दगावलीं. लॉरा वांचली, पण तिची दृष्टि आणि श्रवणशक्ति गेली. वासाचें आणि चवीचें ज्ञानही जवळ जवळ नाहींसें झालें. एसा टेनी नांवाचा एक प्रेमळ गृहस्थ तिला हाताशीं धरून शेतांतून हिंडवीत असे, आणि घरच्या माणसांशीं ती ओबडधोबड खुणांनीं व्यवहार करी. १८३७ सालीं बोस्टन येथील अंधशाळेचे चालक डॉक्टर सॅम्युएल ग्रिड्ली हौ यांनीं तिला आपल्या शाळेंत आणिलें. त्या वेळीं तिला आठवें वर्षही पुरें झालें नव्हतें.

डॉक्टर हौ यांची रीत अशी होती. चमचा, सुरी, किल्ली अशा रोजच्या वस्तूंवर त्यांनीं त्यांच्या नांवाच्या उठावदार अक्षरांतील चिठ्या चिकटविल्या आणि लॉराचीं बोटें त्यांवरून फिरविलीं. मग सुट्या चिठ्या देऊन ज्या वस्तूची चिठी त्या वस्तूवर ठेवावयास शिकविलें. पुढें चिठीचे तुकडे करून एक एक अक्षर निराळें दिलें. कित्येक आठवडे हें सारें निवळ अनुकरण होतें. एखाद्या शिकविलेल्या प्राण्यानें करावें तसें. नंतर मात्र तिच्या मनांत उजेड पडला. आपल्या मनांतील वस्तु दुसऱ्याच्या मनांत पोंचविण्याचें हें साधन आहे, हें तिला उमगलें. त्यानंतर ती बोटांची वर्णमाला शिकली. ह्या वर्णमालेंत एका हाताच्या बोटांची प्रत्येक अक्षरासाठीं निराळी आकृति असते. बोलणारा ती करतो आणि ऐकणारा आपला हात त्यावर ठेवून वाचतो. लॉरा वाचावयास, लिहावयास, हिशेब करावयास व शिवावयास शिकली. १८४२ सालीं चार्ल्स डिकन्स या प्रसिद्ध इंग्रज कादंबरीकारानें तिची भेट घेतली व आपल्या प्रवासवर्णनांत तिची हकीकत लिहिली.

लॉराच्या कथेचा येथवरचा भाग पुष्कळ ठिकाणीं सांगितला जातो. पुढचा भाग क्वचितच सांगितला जातो, आणि आमच्या मतें पालकांनीं व शिक्षकांनीं तोच अधिक लक्षांत ठेवण्यासारखा आहे. शिक्षण संपल्यावर तरुणपणीं तिला आपल्या घरीं धाडण्यांत आलें. घर प्रेमळ होतें. परंतु शेतकऱ्याच्या घरांत कामाचा धबडगा मोठा. तिच्याजवळ बसून तिच्या तळहातावर बोटांनीं बोलावयास कोणास पुरेशी सवड मिळेना. लॉरापाशीं आतां शब्द होते, विचार होते, सांगावयाच्या हजार गोष्टी होत्या. पण ऐकणारा हात नव्हता. ती खंगूं लागली. तिनें अन्न टाकलें. शेवटीं तिला परत शाळेंत आणावें लागलें, आणि तेथें तिचा कायमचा निर्वाह व्हावा म्हणून हितचिंतकांनीं निधि जमविला. १८८९ सालीं ती तेथेंच वारली. भाषा शिकविणें हें अर्धें काम आहे. त्या भाषेला उत्तर देणारा हात जवळ असणें हें उरलेलें अर्धें काम आहे. हाच ह्या साऱ्या विषयाचा गाभा होय.

डिकन्सचें तें प्रवासवर्णन पुढें अनेक वर्षांनीं अलाबामा प्रांतांतील टस्कंबिया गांवच्या एका आईच्या वाचनांत आलें. तिची मुलगी हेलन केलर १८८० सालीं जन्मली होती, आणि एकोणीस महिन्यांची असतां आजारानें अंध व बधिर झाली होती. आईबापांनीं चौकशी करतां करतां टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांची गांठ घेतली, आणि त्यांच्या सल्ल्यानें बोस्टनच्या त्याच शाळेस पत्र धाडलें. तेथून ॲन सलिव्हन ही वीस वर्षांची शिक्षिका १८८७ सालच्या मार्च महिन्यांत टस्कंबियास आली. तिची स्वतःची दृष्टि लहानपणीं अधू झाली होती, आणि बोटांची वर्णमाला ती त्याच शाळेंत, जेथें वयस्क लॉरा राहत होती तेथें, शिकली होती. याप्रमाणें एका मुलीच्या हातांतील भाषा दुसऱ्या मुलीच्या हातांत पोंचली.

हेलन आरंभीं किती दांडगट होती, इतरांच्या ताटांतील अन्न कशी ओढून घेई, आणि ५ एप्रिल १८८७ रोजीं पंपाचें पाणी एका हातावर पडत असतां दुसऱ्या हातावर ‘पाणी’ हा शब्द कसा लिहिला गेला व तिला त्याचा अर्थ कसा एकाएकीं उलगडला, ही हकीकत आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांनीं वाचली असेल. त्या दिवशीं कांहीं तासांत तिनें सुमारें तीस शब्द मिळविले. परंतु दोन गोष्टींकडे वाचकांचें लक्ष जात नाहीं. पहिली ही कीं, शिक्षिका येण्यापूर्वींच ह्या मुलीच्या घरांत हाताची एक भाषा होती. पाव पाहिजे असल्यास ती पाव कापून लोणी लावल्याची खूण करी. बर्फाची मलई पाहिजे असल्यास यंत्र फिरवून थरथर कांपून दाखवी. आईनें ह्या खुणा ओळखल्या, त्यांस उत्तर दिलें, आणि त्यामुळें ‘मीं कांहीं केलें कीं कोणी तरी ऐकतें’ हा विश्वास त्या मुलीच्या ठायीं जिवंत राहिला. पाण्याच्या शब्दाचें बीज ह्या मशागत केलेल्या जमिनींत पडलें.

दुसरी गोष्ट शिक्षकांच्या उपयोगाची आहे. पंपाच्या प्रसंगानंतर थोड्याच दिवसांनीं सलिव्हन बाईंनीं हेलनच्या नात्यांतील एका पंधरा महिन्यांच्या बालकाचें निरीक्षण केलें. त्या बालकास बोलतां येत नव्हतें, पण सांगितलेलें पुष्कळ समजत होतें; कारण कोणी त्याचा पाठ घेत नसतां सारें घर त्याच्या कानांत दिवसभर बोलत होतें. बाईंनीं ठरविलें कीं, आपणही ठराविक धडे द्यावयाचे नाहींत. इतर लोक बालकाच्या कानांत बोलतात तसें आपण हेलनच्या हातांत बोलावयाचें, तेंही सुट्या शब्दांनीं नव्हे, तर पूर्ण वाक्यांनीं. पुढें १९०४ सालीं हेलन केलर पदवीधर झाल्या तेव्हां वर्गांतील व्याख्यानें हाच हात त्यांच्या हातांत सांगत आला होता. ही सोबत १८८७ पासून १९३६ मध्यें बाईंचा अंत होईपर्यंत, म्हणजे एकोणपन्नास वर्षें टिकली. लॉराची बुद्धि कमी होती म्हणून ती मागें राहिली असें मानण्यास आधार नाहीं; दोघींच्या आयुष्यांतील एक मोठा फरक उत्तर देणाऱ्या हाताचा होता.

तरी ह्या दोन उदाहरणांवरून पालकांनीं एक चुकीची अपेक्षा धरूं नये. लॉरा आणि हेलन या दोघींनीं पहिलीं दीड-दोन वर्षें जग पाहिलें होतें व ऐकलें होतें. जीं मुलें जन्मतःच अंधबधिर असतात त्यांना तेवढीही शिदोरी नसते. शिवाय कित्येकांस हृदयाचे, गिळण्याचे किंवा चालण्याचे विकार असतात. त्यांच्या बाबतींत पंपापाशींचा चमत्कार होत नाहीं. अशा मुलांसाठीं हॉलंडमधील यान फान डायक या शिक्षणशास्त्रज्ञानें १९६० नंतरच्या काळांत एक पद्धति बसविली. शब्द शिकविण्याच्या आधीं मुलाबरोबर हालावयाचें, हें तिचें मूळ तत्त्व. मूल डुलत असेल तर त्यास थांबवूं नये. त्याला मांडीवर घेऊन त्याच्याबरोबर डुलावें. मग मध्येंच थांबावें आणि वाट पाहावी. कांहीं दिवसांनीं मूल पाठीनें हलकेंच ढकलतें. त्याचा अर्थ ‘आणखी!’ लगेच पुन्हां डुलावें. बाहेरच्या माणसास हा पोरखेळ वाटेल. परंतु एकानें विचारलें आणि दुसऱ्यानें उत्तर दिलें, म्हणजे संभाषण झालें. सगळी भाषा ह्याच पायावर चढते.

आतां घरीं काय करावें तें पाहूं. पहिली गोष्ट म्हणजे सूचना दिल्यावांचून मुलास उचलूं नये, कीं हलवूं नये. आधीं खांद्यावर हात ठेवावा, तेथून तो हळू हळू त्याच्या हातापर्यंत न्यावा, आणि आपण कोण हें सांगावें. घरांतील प्रत्येकाची एक ठरलेली खूण असावी. आईच्या बांगड्या, आजोबांचें मनगटी घड्याळ, ताईची वेणी. जो येईल त्यानें ती वस्तु मुलाच्या बोटांस लावावी. जातांनाही निरोप घेऊन जावें. कोणी आलें हें न कळणें जितकें भीतिदायक, तितकेंच कोणी निघून गेलें हें न कळणेंही होय.

दुसरी गोष्ट म्हणजे पुढें काय होणार तें वस्तूनें सांगावें. जेवणापूर्वीं त्याची नेहमींची वाटी हातांत द्यावी, स्नानापूर्वीं पंचा, फिरावयास निघण्यापूर्वीं बूट. ह्या वस्तु दिवसाच्या क्रमानें एका खणांच्या पेटींत मांडून ठेवाव्या. एक काम संपलें कीं ती वस्तु मुलाच्याच हातानें निराळ्या डब्यांत टाकवावी; तो डबा म्हणजे ‘झालें’. हळू हळू मूल स्वतः पेटीपाशीं जाऊन पुढचा खण चांचपूं लागतें. ज्याला ‘उद्यां’ ठाऊक नव्हता त्याला ‘यापुढें’ समजूं लागतें. आणि एके दिवशीं तें वेळ नसतांना बूट काढून आईच्या हातांत देतें. त्या क्षणीं हातांतील काम बाजूस ठेवून दारापर्यंत तरी त्यास नेऊन आणावें. तें त्याचें पहिलें वाक्य आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे मुलाचा हात धरून ओढूं नये. त्याच्या हाताखालीं आपला हात द्यावा. अंधबधिर मुलाचीं बोटें हेच त्याचे डोळे आणि हीच त्याची जीभ. आपण तीं मुठींत धरलीं म्हणजे एकाच वेळीं त्याचे डोळे बांधले आणि तोंडही दाबलें. याउलट आई भाकरी थापीत असतां मुलाचे तळहात जर तिच्या हातांच्या पाठीवर असतील, तर पीठ कसें मळतें, परातीवर हात कसा फिरतो, हें सारें त्यास ‘दिसतें’. आणि नको वाटलें कीं त्यास आपला हात काढूनही घेतां येतो. नको म्हणण्याची मोकळीक असल्यावांचून होय म्हणण्यास कांहीं अर्थ राहत नाहीं. म्हणून दोन वस्तु पुढें करून त्यांतील एक निवडूं देणें, हाही रोजचा पाठ असावा.

चौथी गोष्ट म्हणजे थांबावें, आणि हीच सर्वांत कठीण आहे. स्पर्शानें आलेली बातमी मनांत जुळावयास वेळ लागतो. आपण विचारतों, क्षणभर थांबतों, आणि उत्तर आलें नाहीं असें समजून मुलाचें काम आपणच करून टाकतों. वास्तविक उत्तर वाटेंतच असतें. बोटाची एक हालचाल, श्वासाचा बदललेला वेग, एकाएकीं स्तब्ध होणें, ह्यांपैकीं कांहींही उत्तर असूं शकतें. तें ओळखावयास डोळसपणा लागतो, आणि तो प्रेमानें येतो तितकाच सरावानेंही येतो.

येथें घरच्या माणसांविषयीं स्पष्ट बोलणें जरूर आहे. हें सारें बहुधा एकट्या आईवर येऊन पडतें. ज्या मुलांस उजेड मुळींच जाणवत नाहीं त्यांतील कित्येकांस दिवस आणि रात्र यांचा मेळ राहत नाहीं. तीं मध्यरात्रीं जागीं होतात आणि आईही जागते. शेजारीपाजारी दोष देतात तो वेगळाच. अशा आईची स्तुति करून भागत नाहीं. तिला झोंप मिळाली पाहिजे. शिवाय मुलाची भाषा जर एकट्या आईलाच येत असेल, तर ती तापानें निजली त्या दिवशीं मूल मुकें होतें. म्हणून वडिलांनीं, आजीनें, मामामावशींनीं, शेजारच्या एखाद्या कुटुंबानेंही निदान दहा खुणा शिकाव्या : मी कोण, जेवण, पाणी, शौच, झोंप, बाहेर, आणखी, पुरे, थांब, झालें. दहा खुणा शिकावयास आठ दिवस पुरतात. भावंडांनीं अवश्य शिकावें, पण त्यांस कायमचें पहारेकरी करूं नये. त्यांच्या खेळाचा आणि अभ्यासाचा वेळ त्यांस राखून द्यावा, म्हणजे पुढें त्यांचा हात ओझें म्हणून नव्हे तर भाऊ किंवा बहीण म्हणून पुढें होईल.

शिक्षकांचें कामही असेंच आहे. अंधबधिर मुलास चाळीस मुलांच्या वर्गांत नुसतें बसविल्यानें तें शाळेंत गेलें असें होत नाहीं; वर्गांत काय चाललें आहे तें त्याच्या हातांत सांगणारें एक माणूस त्याच्या शेजारीं पाहिजे. शिक्षकानें आरंभीं आईकडून शिकावें, आणि एक खुणांची वही ठेवावी. मूल काय करतें, त्याचा अर्थ काय, आणि आपण काय उत्तर द्यावें, असे तीन रकाने त्या वहींत असावेत. मूल वरच्या इयत्तेंत जाईल तेव्हां वहीही जावी. नाहीं तर दर जूनमध्यें नवा शिक्षक येतो आणि मुलाची भाषा पुन्हां पहिल्यापासून सुरू होते. शक्य असेल तेथें पुढें ब्रेल लिपि शिकवावी. लुई ब्रेल याच्या सहा टिपक्यांच्या त्या लिपीची पट्टी आज यंत्रासही जोडतां येते. टिपके वर-खालीं होतात आणि पडद्यावरील मजकूर बोटांखालीं येतो. ज्यांस ती येते त्या अंधबधिर तरुणांस दूरच्या मित्राचें पत्र कोणाच्या मदतीवांचून वाचतां येतें.

आपल्या देशांत ह्या कार्यास आरंभ उशिरां झाला. हेलन केलर १९५५ सालीं स्वतः भारतांत येऊन गेल्या. त्यांच्याच नांवाची, बधिर व अंधबधिर मुलांसाठीं असलेली संस्था मुंबईंत १९७७ सालीं स्थापन झाली. अंधबधिर मुलांच्या शिक्षणाचा पाया आपल्याकडे तेथें घातला गेला. २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यांत अंधबधिरतेचा नांवानिशीं उल्लेख आहे, आणि ठरलेल्या प्रमाणांतील दिव्यांगत्व असणाऱ्या मुलांस सहा ते अठरा वर्षांपर्यंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. ज्या पालकांस हें ठाऊक नसेल त्यांस तें कोणी तरी सांगावें, एवढ्यासाठींच येथें लिहिलें.

आणखी दोन गोष्टी पालकांच्या कानावर घालावयाच्या आहेत, कारण त्या वेळेवर कळल्या तर पुष्कळ दुःख टळतें. पहिली रुबेला अथवा जर्मन गोवर या आजाराविषयीं. हा ताप अंगावर दिसतो तेवढा सौम्य. पण गरोदर स्त्रीस पहिल्या तीन महिन्यांत झाला तर पोटांतील बाळाचे डोळे, कान आणि हृदय यांवर घाला पडतो. १९४१ सालीं सिडनी येथील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनीं हा संबंध प्रथम दाखविला. अमेरिकेंत १९६४-६५ सालीं ह्या रोगाची साथ आली तेव्हां सुमारें २०,००० बालकें त्याच्या खुणा घेऊन जन्मास आलीं. आतां यावर लस आहे. भारतांत २०१७ सालापासून गोवर व रुबेला यांची एकत्र लस सरकारी लसीकरणांत देण्यांत येऊं लागली. पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. ती मुलगे आणि मुली दोघांसही द्यावयाची असते, कारण रोग घरांत कोणीही आणूं शकतो.

दुसरी गोष्ट अशी. कांहीं मुलें जन्मतः बहिरीं असतात, आणि पुढें, पुष्कळदां वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षाच्या सुमारास, त्यांस रात्रीं दिसेनासें होतें; मग दोन्ही बाजूंची दृष्टि आंखडत जाते. ह्या आनुवंशिक व्याधीस अशर असें नांव आहे. बहिरा मुलगा तिन्हीसांजेला उंबऱ्यास अडखळूं लागला, अंधारांत पायऱ्या चुकूं लागला, बाजूनें येणाऱ्या माणसावर आदळूं लागला, तर त्यास ‘वेंधळा’ म्हणून रागें भरूं नये. त्याचे डोळे वैद्यास दाखवावेत. दृष्टि जाणारच असेल तर ती असतांनाच ब्रेल, काठी आणि स्पर्शाच्या खुणा शिकून घेतां येतात. उजेड आहे तोंवर वाट पाहून ठेवलेली बरी.

विद्यार्थिमित्रहो, इतकें वाचल्यावर तुम्ही विचाराल, आम्हीं काय करावें? तुमच्या आळींत, नात्यांत किंवा प्रवासांत असें मूल किंवा असा तरुण भेटला, तर त्याच्या सोबत्याशीं त्याच्याविषयीं बोलून परत फिरूं नका. ‘बिचारा’ म्हणून डोक्यावरून हात फिरवूं नका. डोक्यावर एकाएकीं आलेला हात तुम्हांसही आवडणार नाहीं. खांद्याला हलकेंच स्पर्श करा, आणि आपल्या हाताची पाठ त्याच्या हाताजवळ ठेवा. मग थांबा. त्यास तुमचा हात हवा असेल तर तो घेईल. तुमचीं बोटें चांचपील, मनगट चांचपील, नखें पाहील. त्यास अक्षरें येत असतील तर त्याच्या तळहातावर तर्जनीनें आपलें नांव एक एक अक्षर मोठें काढून लिहा, आणि प्रत्येक अक्षरानंतर क्षणभर थांबा.

लॉराच्या घरीं प्रेम होतें, धान्य होतें, ऊब होती. फक्त सवड नव्हती. तिच्यापाशीं बसावयास रोज अर्धा तास काढणारीं दोन माणसें त्या घरांत असतीं, तर कदाचित् ती आपल्या माणसांतच राहिली असती. तेवढी सवड आपल्यापैकीं पुष्कळांपाशीं आहे.